‘धर्म : नाही’ असं लिहिलं तर लग्न, मूल आणि वाटणीचं काय?

२०२५ च्या सप्टेंबरात कर्नाटकात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झालं. हेस्कॉम या वीज कंपनीच्या मीटरशेजारी चिकटवलेल्या स्टिकरवरचा नंबर जुळवून एक शिक्षिका आमच्या बेळगावच्या वडगावातल्या घरी आल्या, मोबाइल काढला आणि साठ प्रश्नांची यादी सुरू केली. सीमाभागातल्या मराठी घरांत त्याआधीच निरोप फिरला होता : धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, ते पाठ करून ठेवलं होतं. धर्माचा प्रश्न आला आणि तिची मुलगी आतून येऊन म्हणाली, “माझ्या नावापुढं ‘नाही’ घाला बाई.”

शिक्षिकेचं बोट स्क्रीनवर तसंच थांबलं. आक्का म्हणाली, “आणि उद्या लग्नाचं काय करशील गं? वाटणीच्या वेळी चुलते म्हणतील, तू हिंदूच नव्हेस, तुझा काय संबंध? तेव्हा कुणाकडं जाणार?”

मी बावीस वर्षं एका वकिलांकडे कागदपत्रांचं काम करते. लग्नाचे अर्ज, वारसा अर्ज, दत्तकाचे कागद रोज हाताखालून जातात. म्हणून त्या दिवशी आक्काला एक गोष्ट लगेच सांगता आली : सर्वेक्षणातल्या किंवा जनगणनेतल्या रकान्यात काय लिहिलं यावरून कुणाचा वाटा जात नाही आणि कुणाचं लग्न अडत नाही. ती माहिती मोजदादीसाठी असते. पण तिचा प्रश्न खुळा नव्हता. २०२७ च्या फेब्रुवारीत जनगणनेत माणसं मोजली जातील तेव्हा तो पुन्हा घराघरांत निघेल. २०११ च्या जनगणनेत सुमारे २८ लाख ६७ हजार लोकांच्या नावापुढं ‘धर्म सांगितला नाही’ अशी नोंद झाली होती. त्यातले सगळे नास्तिक नव्हते. पण जे धर्म मानत नाहीत, त्यांच्या घरातल्या गोष्टी कोणत्या कायद्यानं चालतात, हे नीट समजून घ्यायला हवं.

दुकान बदलता येतं, सोडता येत नाही

चोरी, मारामारी, उसनवारी, जमिनीची खरेदी यांना आपल्याकडे सगळ्यांसाठी एकच कायदा आहे. लग्न, घटस्फोट, दत्तक, मुलांचं पालकत्व आणि वारसा या घरातल्या गोष्टींना मात्र माणसाच्या धर्माप्रमाणे वेगवेगळा कायदा लागतो. त्याला वैयक्तिक कायदा म्हणतात. लेखात अवघड शब्द हा एवढाच.

जुन्या पद्धतीचं रेशनकार्ड डोळ्यांसमोर आणा. जन्मल्याबरोबर तुमचं कार्ड आई-वडिलांच्या दुकानाला जोडलं जातं. मोठं झाल्यावर तुम्ही म्हणालात, मला या दुकानातलं काही नको. नका घेऊ, कुणी जबरदस्ती करत नाही. पण कार्ड तिथंच राहतं. दुसऱ्या दुकानात नाव घातलं तरच पहिल्यातून कमी होतं. कोणत्याच दुकानात नसलेलं कार्ड अशी सोयच नाही.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याचं कलम २ वाचलं की हे लख्ख दिसतं. ‘हिंदू’ या शब्दात वीरशैव, लिंगायत, ब्राह्मो, प्रार्थना समाज, आर्य समाज हे सगळे येतात. बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागतो. आणि शेवटी, जो मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही असा उरलेला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यात धरला जातो. देव मानता का, वारी करता का, यल्लम्माला जाता का, असं हा कायदा विचारत नाही. माझी भाची स्वतःला काहीही म्हणो, कायद्याच्या वहीत ती हिंदू आहे.

आक्काच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच मिळतं, आणि ते दिलासा देणारं आहे. नवरा किंवा बायको नास्तिक झाली म्हणून त्या कायद्याखाली घटस्फोट मागता येत नाही. कारण लागतं ते ‘दुसरा धर्म स्वीकारल्याचं’. बायकोची पोटगीही याच कारणानं थांबते, नुसतं देवपूजा सोडल्यानं नाही. आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मजात हक्क आहे. चुलते काहीही म्हणोत, ‘नाही’ लिहिल्यानं तो पुसला जात नाही.

मग अन्याय कुठं आहे? तो पुढच्या पायऱ्यांवर आहे.

भटजी नको, अक्षता नको : मग लग्न झालं कधी?

आपल्या दोन्ही भाषांत विधी नाकारून लग्न करण्याची परंपरा आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ पासून भटजीविना लग्नं लावली. देव मात्र त्यांनी नाकारला नव्हता, मधला दलाल नाकारला होता. कन्नडमध्ये कवी कुवेंपूंनी मंत्रमांगल्य रुजवलं : चार माणसांसमोर प्रतिज्ञा वाचायच्या, हार घालायचे, संपलं. १९६६ साली त्यांच्या मुलाचं, तेजस्वींचं लग्न असंच झालं. धारवाड-बेळगाव पट्ट्यात आजही काही जोडपी या पद्धतीनं लग्न करतात. किती साधं आणि किती देखणं!

पण कायदा विचारतो, लग्न लागलं कोणत्या क्षणी? हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ म्हणतं, दोघांपैकी एकाच्या तरी रूढीप्रमाणे विधी व्हायला हवेत, आणि सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडल्यावर लग्न पुरं होतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे आणखी स्पष्ट केलं. दोन वैमानिकांनी विधी न करता एका संस्थेकडून दाखला घेऊन लग्नाची नोंदणी केली होती. न्यायालय म्हणालं, विधीच झाले नाहीत म्हणजे या कायद्यानं लग्नच झालेलं नाही, नोंदणीचा कागद विधीची जागा घेऊ शकत नाही.

आमच्या ऑफिसात अशी जोडपी येतात. सभागृहात प्रतिज्ञा वाचून, पुस्तकं वाटून लग्न केलेलं असतं. नोंदणीला गेलं की लग्नपत्रिका आणि विधीचा फोटो मागतात. मग घाईघाईनं एखाद्या देवळात जाऊन मंगळसूत्र बांधतानाचा फोटो काढून आणतात. त्या फोटोतले चेहरे मी पाहिलेत. आयुष्यातली सगळ्यात खरी गोष्ट त्यांना खोट्यानं सिद्ध करावी लागते. मला हे सहन होत नाही.

यावर तोडगा निघू शकतो, हे तमिळनाडूनं १९६७ मध्येच दाखवलं. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीत लागलेली हजारो लग्नं अधांतरी होती. त्या राज्यानं हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घातलं : नातेवाईक किंवा मित्रांसमोर एकमेकांना समजेल अशा भाषेत ‘मी तुला पती, पत्नी म्हणून स्वीकारतो’ म्हणायचं, किंवा हार घालायचा, किंवा अंगठी द्यायची, की लग्न झालं. पुरोहिताची गरज नाही. मात्र तिथंही दोघं कायद्याच्या वहीत हिंदू असावे लागतात. आणि ही दुरुस्ती कर्नाटकात नाही, महाराष्ट्रातही नाही.

काचेमागचा कागद

मग उरतो विशेष विवाह कायदा, १९५४ चा. ज्याला लोक ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतात ते हेच, जरी त्यात कोर्ट कुठंच नसतं, असतो तो विवाह अधिकारी. इथं धर्म विचारात घेतला जात नाही.

याचा जुना अवतार १८७२ चा. त्या वेळी अट उलटी होती. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, बौद्ध, शीख, जैन, पारशी, ज्यू यांपैकी कोणताच धर्म आपण मानत नाही असं दोघांनी लिहून द्यावं लागे. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपसात त्यातून सूट मिळाली, १९५४ मध्ये अट पुरती गेली. म्हणजे दरवाजा खुला झाला. पण उंबरठा उंच राहिला.

दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहत असला पाहिजे. मग नोटीस द्यायची. ती कार्यालयात ठळक जागी लावतात. ३० दिवस कुणीही आक्षेप घेऊ शकतं. ते दिवस संपल्यावर लग्न, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत झालं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

भाचीनं शेवटी हाच रस्ता घेतला. मुलगा आजऱ्याचा, ख्रिस्ती घरातला, चर्चची पायरी न चढणारा. नोटीस लागली त्या दिवशी मी सोबत होते. जिन्याखाली काचेची पेटी, आत हिरवं कापड, टाचण्यांनी लावलेले चार कागद. प्रत्येकावर दोघांचे फोटो, पूर्ण नाव, वय, आई-वडिलांची नावं, घर नंबर, गल्ली. आम्ही पायऱ्या उतरतो न उतरतो तोच एक माणूस आला आणि मोबाइल काचेला टेकवून चारही कागदांचे फोटो घेऊन गेला. कोण होता, कशाला घेतले, कुणी विचारलं नाही. विचारायचा नियमच नाही.

आणि सीमाभागात ही गोष्ट दुप्पट होते. कलम ६ सांगतं, दोघांपैकी एक जण दुसऱ्या जिल्ह्यात कायमचा राहत असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडंही पाठवायची आणि त्यानंही ती लावायची. म्हणजे एक कागद बेळगावात, एक कोल्हापूर जिल्ह्यात. आजऱ्याला बातमी पोचायला मग नातेवाईक लागत नाहीत. काही वाद झालाच तर तिला धारवाडचं खंडपीठ आणि त्याला २०२५ च्या ऑगस्टपासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच. आमच्याकडे सोयरीक नेहमीच दोन राज्यांत होते. बेळगावची लेक चंदगडला, गडहिंग्लजची निपाणीला. भटजीसमोर लागणाऱ्या अशा लग्नाला कोणत्याही कार्यालयाची आगाऊ परवानगी लागत नाही.

या भीतीला आमच्या भागात नावं आहेत. २०१५ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरेंना गोळ्या घातल्या, त्यांनी आयुष्यभर आंतरजातीय लग्नं लावून दिली होती. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडात कन्नड विद्वान एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या दारात मारलं. बेळगाव या दोन गावांच्या मध्ये आहे. इथं पत्ता भिंतीवर लावणं ही नुसती कार्यालयीन बाब राहत नाही.

आणखी एक बारीक अडचण, जी नेहमी नोटीस द्यायला गेल्यावरच कळते. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे रूढ आहे. हिंदू विवाह कायदा रूढी म्हणून ते चालवून घेतो. विशेष विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत मात्र मामाची मुलगी आहे आणि आत्याची मुलगीही. सूट हवी तर ती रूढी सरकारनं राजपत्रात जाहीर केलेली लागते. तेव्हा विधी नको असलेल्या मामे-आते भावंडांना कायदा सांगतो, मांडवात जा.

मूल कुणाचं?

टिळकांनी होमरूल लीगची स्थापना १९१६ च्या एप्रिलमध्ये आपल्या बेळगावात केली. त्याच वर्षी दुसरी होमरूल लीग काढली ती ॲनी बेझंट यांनी. थिऑसॉफीकडे वळण्याआधी त्या उघड नास्तिक होत्या. पती चर्चचे पाद्री, दोघं वेगळे राहत. १८७८ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयानं त्यांची सात-आठ वर्षांची मुलगी मेबल त्यांच्याकडून काढून वडिलांकडे दिली. कारणं दोन : आई संततिनियमनाची पुस्तिका छापते, आणि आई मुलीला धर्माशिवाय वाढवते. मुलीची आबाळ होते असं कुणाचं म्हणणं नव्हतं.

आपल्याकडे असं होऊ शकतं का? हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा १९५६ चा. त्यात ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालचं मूल. कलम ६ मुलाचे नैसर्गिक पालक कोण ते सांगतं आणि शेवटी दोघांना वगळतं : जो हिंदू राहिलेला नाही तो, आणि ज्यानं संन्यास घेऊन संसार कायमचा सोडला आहे तो. धर्म सोडलेला बाप आणि हिमालयात गेलेला बाप एका ओळीत. घटस्फोटाच्या कायद्यात ‘दुसरा धर्म स्वीकारून’ असे शब्द आहेत, इथं ते नाहीत, नुसतं ‘हिंदू राहिलेला नाही’. वर सांगितलेली व्यापक व्याख्या धरली तर नास्तिक माणूस हिंदूच राहतो, त्यामुळं तो इथं अडकायला नको. शिवाय कलम १३ म्हणतं, मुलाचं हित सगळ्यात वर. पण भांडणात हे वाक्य समोरच्याच्या हातात काठी देतं. तुझा बाप देव मानत नाही, तुला त्याच्याकडं ठेवणार नाहीत, असं आजीनं नातवाला सांगितलेलं मी आमच्याच ऑफिसच्या बाकड्यावर ऐकलं आहे.

दत्तकाच्या बाबतीत वाट बरी आहे. हिंदू दत्तक कायद्याला हिंदूच लागतो. पण बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाला कायदेशीर दत्तक घेता येतं, आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे मान्य केलं. त्याआधी मुस्लिम, ख्रिस्ती कुटुंबांना फक्त पालक होता यायचं, आई-बाप नाही. धर्म न विचारता घराचा कायदा करता येतो, याचा हा चांगला दाखला आहे.

आईचे ३० गुंठे

आता वाटणी. आक्काला सगळ्यात जास्त काळजी याचीच होती.

दोघंही हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख असतील आणि त्यांनी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं, तर १९७६ च्या दुरुस्तीमुळं वारशात काही बदलत नाही. पण एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती किंवा मुस्लिम घरातला असेल तर दोन गोष्टी होतात. विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हिंदू जोडीदार लग्नाच्या दिवशीच एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं धरतात. वाटा जात नाही, एकत्रपणा तुटतो. आणि कलम २१ प्रमाणे पुढं त्याच्या मिळकतीचा वारसा हिंदू वारसा कायद्यानं नव्हे, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानं चालतो.

हे कोरडं वाटतं, म्हणून हिशेबच मांडते. समजा खानापूरच्या एका माणसाची स्वकष्टाची तीन एकर म्हणजे १२० गुंठे जमीन आहे. मागं आई, बायको आणि दोन मुलं. तो मृत्युपत्र न करता गेला. हिंदू वारसा कायद्यानं चार समान वाटे : आई ३०, बायको ३०, मुलं ३०-३०. त्यानं ख्रिस्ती मुलीशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं असेल तर बायकोला तिसरा हिस्सा, ४० गुंठे, मुलांना ४०-४०. आईला शून्य. ज्या आईनं लग्नाला विरोध केला नाही, उलट सुनेला घरात घेतलं, तिचंच नाव उताऱ्यावर चढत नाही.

मग दोघांनीही ‘आम्ही कोणताच धर्म मानत नाही’ म्हटलं तर? १९७६ च्या कलमात ‘हिंदू धर्म मानणारा’ असे शब्द आहेत. मानत नसेल तर सवलत मिळते की नाही, यावर शब्दांना धरून भांडायला जागा उरते. घरातल्या माणसांचं पोट अशा जागेवर ठेवू नये. अशा जोडप्यांना मी एकच सांगते : लग्नाच्या नोंदणीच्या आठवड्यातच मृत्युपत्र करा, आईचं नाव घाला.

मुस्लिम घरात जन्मलेल्या पण धर्म न मानणाऱ्या माणसाची अडचण याहून मोठी आहे. मृत्युपत्रानंही साधारण एक तृतीयांशच मिळकत मनाप्रमाणे देता येते आणि मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. केरळमधल्या एका महिलेनं, धर्म सोडलेल्यांना सर्वसाधारण वारसा कायदा लागू करा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, त्यावर २०२४ मध्ये नोटीस निघाली. त्याच राज्यात, सीमाप्रश्नावरच्या महाजन अहवालामुळं आपल्याला ऐकून माहीत असलेल्या कासरगोड जिल्ह्यात, एका वकील-अभिनेत्यानं ८ मार्च २०२३ रोजी आपल्याच पत्नीशी विशेष विवाह कायद्याखाली दुसऱ्यांदा लग्न केलं. तिन्ही मुलीच होत्या, आपल्यामागं सगळी मिळकत त्यांनाच मिळावी एवढाच हेतू. आपल्याच लेकींसाठी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न करावं लागतं, यातच सगळं आलं.

“कागदावर हिंदू राहिलं तर बिघडलं कुठं?”

हे मला सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं, आणि चांगल्या माणसांकडून. खरं आहे, दोघं एकाच धर्माच्या घरातले असतील आणि देवळातल्या फोटोला त्यांची ना नसेल तर फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते जोडीदार दुसऱ्या घरातला निघाला की, किंवा माणूस प्रामाणिक राहू पाहतो तेव्हा. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की ‘माझा कोणताही धर्म नाही’ असं म्हणण्याचा हक्क संविधानाच्या २५ व्या कलमातल्या सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात येतो, सरकार कुणाला धर्म लिहायला भाग पाडू शकत नाही. म्हणणं मान्य झालं. पण ते म्हणणाऱ्यासाठी घराचा कायदा नाही. कोर्टात साक्ष देताना देवाची शपथ नको असेल तर सत्यप्रतिज्ञा करता येते, मंत्र्यांनाही येते, आणि त्यासाठी कुणी त्यांचे फोटो भिंतीवर लावत नाही. लग्नालाच वेगळा न्याय का?

“नोटीस नसेल तर फसवणूक कशी थांबणार?”

पहिली बायको असताना दुसरं लग्न करणारा माणूस मांडवातही उभा राहतो. तिथं कुणी ३० दिवस चौकशी करत नाही, पकडला गेला की द्विभार्याप्रतिबंधाखाली गुन्हा होतो. तोच गुन्हा इथंही होतो. प्रतिज्ञापत्र घ्या, ओळखपत्रं तपासा, खोटं निघालं तर शिक्षा करा. पत्ता जगाला दाखवून काय मिळतं? २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. तो निर्णय उत्तर प्रदेशातला, आमच्या जिन्याखालची पेटी तशीच आहे. एवढं मात्र लक्षात ठेवा : आक्षेप फक्त ठरावीक कारणांवरच चालतो, म्हणजे वय कमी, पहिला जोडीदार हयात, निषिद्ध नातं, मानसिक असमर्थता. ‘घरच्यांना पसंत नाही’ हा आक्षेप नाही. अधिकाऱ्यानं ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि तो विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

“समान नागरी कायदा आला की सुटेल”

कदाचित. पण कायद्यात काय लिहिलंय त्यावर ते ठरेल, नावावर नाही. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं पोर्तुगीज काळापासून लग्नाची नागरी नोंदणी सगळ्यांनाच आहे. आक्षेपांसाठी थोडं थांबावंही लागतं, पण देवभक्त आणि नास्तिक दोघांनाही सारखंच. तिथला कायदाही पुरता समान नाही, हिंदू रूढींसाठी १८८० चा वेगळा हुकूमनामा आहे. तरी रांग एकच आहे हे महत्त्वाचं. मला विचाराल तर सगळ्या घरांचा कायदा एकदम बदलण्याची वाट पाहत बसण्याआधी कर्नाटकानं आणि महाराष्ट्रानं तमिळनाडूसारखं एक छोटं कलम घालावं, आणि काचेची ती पेटी काढून टाकावी.

आणि जातीचा दाखला?

१९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू, शीख किंवा बौद्ध यांहून ‘वेगळा धर्म’ मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा धरत नाहीत. शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. ‘धर्मच नाही’ हा वेगळा धर्म नव्हे, असं शब्दशः म्हणता येतं. तरी नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या सरकारी कार्यालयात, अर्ज देताना ज्यांच्या मुलांचं शिक्षण त्या दाखल्यावर उभं आहे ते धोका पत्करत नाहीत, आणि त्यांना मी दोष देणार नाही. तमिळनाडूच्या तिरुपत्तूरमध्ये २०१९ साली एका वकील महिलेला ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला मिळाला, त्यासाठी तिनं अनेक वर्षं खेटे घातले होते. इतका धीर सगळ्यांकडं असतोच असं नाही.

तिसरी सही

नोटिशीचे ३० दिवस सरले. आजऱ्याहून एक फोन आला, दोन दिवस रडारड झाली, आक्षेप कुणी घेतला नाही. विशेष विवाह कायद्यात तीन साक्षीदार लागतात. मुलाचा मित्र, मी, आणि तिसरी सही करायला आक्का आली. घरून निघताना तिनं मृत्युपत्राचा मसुदा पिशवीत घातला होता, दोघांनी सह्या करायच्या म्हणून.

अधिकाऱ्यानं कन्नडमध्ये मजकूर वाचायला सुरुवात केली. भाचीनं हळूच विचारलं, मराठीत म्हणू का? कलम १२ मध्ये ‘दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत’ असं लिहिलेलं आहे. त्यांनी मान हलवली. तिनं त्याच्याकडं बघून म्हटलं, “मी तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते.” मग त्यानं म्हटलं. आक्कानं चष्मा लावला आणि सही कुठं करायची ते विचारलं.